विलंबाचे कारण

दर्यापूर, आयटीआयमागचं मैदान,
डिसेंबर, सकाळचे साडेनऊ.
काळ्या मातीला भेगा,
काल ओढलेली फक्की भेगांत उतरून गेलेली.
बेस म्हणजे खताच्या गोण्या, आत रेती,
चार कोपऱ्यांना चार खिळे.
मी तिसऱ्या बेसपाशी,
एसटी डेपोतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

बॉल राइट फील्डला, पार तुरीपर्यंत.
सुगंती बेठेकर दुसऱ्यावरून सुटली,
धारणीच्या आश्रमशाळेची, बूट एका नंबरनं मोठे.
तिसऱ्याचा कोपरा आतल्या पायानं दाबला
आणि वळली,
तर पुढ्यात तेजल काळमेघ.
हातात बॉल नाही.
बॉल तिच्याकडे येतही नाही.
नुसती उभी, नजर तिकडं, जिकडं सगळ्यांची.

धक्का लागला नाही.
सुगंतीनं खांदा चोरला,
एक पाऊल आखूड टाकलं, बस.

माझा डावा हात आडवा झाला, मूठ बंद.
"ऑब्स्ट्रक्शन" म्हणायचं,
पण खेळ थांबवायचा नसतो.
हात तसाच धरून
पुढं जे होईल ते होऊ द्यायचं:
थ्रो येऊ द्यायचा,
धूळ उडू द्यायची,
होमवर टॅग लागू द्यायचा
अर्ध्या पावलाच्या फरकानं.

मंडपातून "औट! औट!"
गुल्हाने सरांची टोपी वर उडाली.
माझा हात अजून आडवा.
तो दिसायला लोकांना जरा वेळ लागतो.

मग सर आलेच, पिचरच्या जागेवरून आडवे.
"मॅडम, धक्का त लागला का?
आंगाले आंग लागलं का? सांगा न बाप्पा!"
मी खाली पाहिलं.
पाणी मारून दाबलेल्या पट्ट्यात तिच्या बुटांचे ठसे:
लांब, लांब, लांब,
मग एक एवढंसं, तिरपं,
बोलता बोलता कुणी शब्द गिळावा तसं,
मग पुन्हा लांब.
दाखवले नाहीत. अंपायर पुरावे दाखवत नसतो.
म्हटलं, "सर, नियम धक्क्याचा नाहीच.
अडली, तेवढं पुरे."

त्यानंतरचा एक सेकंद
मानधनाच्या पावतीत कुठंच येत नाही:
तेजलला मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवायचं
आणि सुगंतीला परत पळवायचं
मोकळ्या रेषेवरून.
थ्रो तोच. ऊन तेच.
बूट तेवढेच मोठे, ते मला कमी करता येत नाहीत.
पळवली.
पोचली.
"रन."

डेपोत माझ्याकडं एक रजिस्टर असतं,
शेवटचा रकाना: विलंबाचे कारण.
पंक्चर. वरात. मूर्तिजापूरचं फाटक.
अंजनगाव गाडी, पस्तीस मिनिटं, म्हशी.
खाली मी सही करते.
ती पस्तीस मिनिटं कुणाला परत दिली
असं बारा वर्षांत एकदाही लिहिलं नाही.
तसा रकानाच नाही.

मॅच संपल्यावर नळावर तेजल आली,
डोळे लाल, ग्लव्ह काखेत.
"मॅडम, मी त नुसती उभीच होती."
"हाव," मी म्हटलं.
ती थांबली, पुढं काही येईल म्हणून.
मला सुचेना.
शेवटी तिला बेसपाशी नेलं,
टाचेनं मातीत एक रेघ मारली,
"बॉल नसला का हिच्या आत."
ती आत जाऊन उभी राहिली,
मग बाहेर,
मग पुन्हा आत.
तिकडून सुगंती बघत होती, बुटांतली माती झाडत,
एक पाय उघडा.

दोन वीसची गाडी तीनला आली.
डावा खांदा भरून आला होता.
का उशीर झाला, कंडक्टरला कुणी विचारलं नाही,
मीही नाही.
उद्या येईलच माझ्या टेबलावर.